फायबर होडीच्या तळाला फोड आलेत. रंग आत्ता लावू की दिवाळीआधी?

कर्लीकाठ, ९ मे

नमस्कार मंडळी. देवबागला आमची पर्यटकांसाठीची फायबरची होडी आहे. लांबी २४ फूट, रुंदी साडेसहा, मागे ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. बांधणी १९९८ ची. आमच्याकडे ती तिसऱ्या मालकाकडून आली. ऑक्टोबर ते मे कर्लीच्या खाडीत नांगरावरच असते, रोज वाळूवर ओढत नाही.

परवाच्या उधाणाला ती वर घेतली आणि तळ खरवडायला लागलो. आधी बार्नॅकल (तळाला घट्ट चिकटणारे कवचाचे जीव) निघाले, मग जुना निळा रंग, त्याखाली लाल. लाल रंग निघाला तसे खाली फोडच फोड. काही मसुरीएवढे, काही रुपयाच्या नाण्याएवढे. सगळ्यात जास्त मागच्या भागात, इंजिनच्या पुढचा साधारण दीड मीटरचा पट्टा. एक फोड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उघडला तर आतून बारीक पिचकारी उडाली. तपकिरी पाणी, बोटाला तेलकट-चिकट, वास व्हिनेगरसारखा आंबट.

आमचा रंगारी म्हणतो, फोड घासून गाडीची पुट्टी भरू, वर एपॉक्सी प्रायमर, त्यावर शेवाळ न धरणारा रंग, पाऊस पडायच्या आत होडी तयार. घर या होडीवर चालतं, त्यामुळे लवकर व्हावं असं मलाही वाटतं. पण हे काम दहा वर्षं टिकायला हवं आहे. फायबरचं काम करणाऱ्यांनी सांगा, पुट्टी-प्रायमरने भागेल का?

मोल्डवाले, ९ मे

दादा, आधी एक ऐका. पुढचा फोड गॉगल घातल्याशिवाय उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि आम्लधर्मी असतं.

मी रत्नागिरीकडे फायबरचं मोल्डिंग आणि दुरुस्ती करतो. तुम्ही सांगताय ती सगळी लक्षणं ऑस्मॉसिसची. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर, कितीही तुकतुकीत दिसला तरी त्यातून पाणी आत झिरपतंच, फक्त फार सावकाश. आत मॅटचे (काचेच्या धाग्यांच्या चटईचे) धागे बांधून ठेवणारा बाइंडर असतो, नीट न पिकलेलं रेझिन असतं, काही ग्लायकॉल शिल्लक असतं. पाण्यात विरघळण्यासारखं जे असेल ते विरघळतं, आतलं द्रावण घट्ट होतं आणि बाहेरून आणखी पाणी ओढून घेतं. जागा पुरेनाशी झाली की जेलकोट फुगतो. साध्या, स्वस्त ऑर्थो प्रकारच्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये, हाताने मॅट बसवून केलेल्या जुन्या होड्यांना हा त्रास जास्त. आयसो रेझिन बरं, व्हिनिल एस्टर त्याहून बरं, पण त्या काळात ते घालायचं कोण?

आता आजार किती खोल आहे ते बघा. एक मोठा फोड ग्राइंडरने बशीसारखा उतरता उघडा करा. खालची मॅट घट्ट असेल, धागे रेझिनमध्ये बुडालेले दिसत असतील, तर दुखणं वरवरचं आहे. धागे पांढरे, कोरडे आणि नखाने सुटणारे असतील तर तेवढा थर काढून नवीन मॅट बसवावी लागेल. मग लाकडी दांड्याची हातोडी घ्या आणि वीत-वीतभर अंतरावर अख्खा तळ ठोकून काढा. टणक आवाज म्हणजे थर एकमेकांना धरून आहेत. भद्द आवाज आला तिथे खडूने खूण करा.

रंगाऱ्याला सांगा, गाडीची पुट्टी पाण्याच्या रेघेखाली अजिबात नको. ती पॉलिएस्टरची, त्यात टाल्कची भुकटी, पाणी शोषून घेते. तळाला भरणी एपॉक्सीचीच. एपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरला घट्ट धरतं, पण एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, म्हणून क्रमही उलटा होता कामा नये.

एक विचारतो: मागच्या पट्ट्यातच इतके फोड, तर होडीच्या पोटात पावसाचं पाणी साठून राहायचं का?

कर्लीकाठ, १० मे

मोल्डवाले दादा, तंतोतंत. मागचा मालक होडी पावसाळाभर माडाखाली उघडीच ठेवायचा, बूच लावून. शेजारी सांगतात, गुडघाभर पाणी असायचं. आमच्याकडे आल्यापासून बूच काढून, वर ताडपत्री घालून ठेवतो.

तीन फोड उघडले. दोन वरवरचे आहेत, खाली मॅट घट्ट. तिसरा, इंजिनजवळचा, खाली पांढरा आणि धागे मोकळे. हातोडीने दोन जागा भद्द वाजल्या, प्रत्येकी तळहाताएवढ्या.

रंगरसायन, १० मे

रंगांच्या कारखान्यात, जहाजांच्या रंगांच्या विभागात नोकरी केली, आता निवृत्त. मोल्डवाल्यांनी विचारलेला प्रश्न कळीचा आहे.

लोकांना वाटतं खारं पाणी जास्त मारक. ऑस्मॉसिसच्या बाबतीत उलट आहे. आतलं द्रावण घट्ट आणि बाहेरचं पाणी जितकं गोडं, तितकी ओढ जास्त. समुद्राच्या पाण्यात मीठ असल्याने ती ओढ काहीशी कमी होते. पावसाचं पाणी तर जवळजवळ शुद्धच. शिवाय होडीच्या आतल्या बाजूला जेलकोट नसतो, उघडं रोविंग (काचेच्या धाग्यांचं जाड विणलेलं कापड) असतं, म्हणजे साठलेल्या पाण्याला आत शिरायला दारच उघडं. तुमचा तळ खाडीकडून भिजत होता आणि पोटातूनही भिजत होता. आतली बाजू सुकवून, साफ करून तिथेही एपॉक्सीचा हात दिला नाही तर बाहेरचं काम अर्धंच राहील.

आता घाईबद्दल. एपॉक्सीचे पाणीरोधक थर म्हणजे घट्ट झाकण. ओल आत ठेवून झाकण लावलंत तर फोड एपॉक्सीसकट वर येतील, आणि तेव्हा खर्च दुप्पट होईल. मे महिन्यात हे काम उरकू नका असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

कर्लीकाठ, ११ मे

काका, पटतंय, पण एक शंका आहे. मे महिन्याचं ऊन इतकं कडक असतं की पत्र्यावर हात ठेवता येत नाही. रंग काढून, फोड उघडे करून तळ तीन आठवडे उन्हात ठेवला तर सुकणार नाही का?

चेसापीक, ११ मे

मी मूळचा दापोलीचा, आता मेरिलँडमध्ये असतो. १९७० च्या दशकातली एक फायबरची शिडाची बोट आहे, तिच्या तळाचं हेच सगळं काम केलं आहे, म्हणून लिहितो.

फक्त पाणी असतं तर उन्हाने उडून गेलं असतं. पण फोडात जो तेलकट चिकटपणा लागतो तो ग्लायकॉलचा. प्रॉपिलीन ग्लायकॉल उकळतं १८८ अंश सेल्सियसला. कोकणातल्या उन्हाने ते जागचं हलत नाही, आणि हवेतली ओल मात्र ओढत राहतं. म्हणून आधी धुवायचं आणि मग सुकवायचं. फोड उघडे करून गोड्या पाण्याने, जमल्यास गरम पाण्याने, दाबाच्या पंपाने तळ धुवायचा. थोडे दिवस जाऊ द्यायचे, आतून चिकट घाम बाहेर येतो, परत धुवायचं. खड्ड्यात लिटमस कागद दाबून पाहायचा. कागद लाल होतोय तोवर आत आम्ल आहे.

१९८० च्या दशकात ऱ्होड आयलंड विद्यापीठात या फोडांवर बराच अभ्यास झाला होता, त्यातूनही पाण्यात विरघळणाऱ्या घटकांवरच बोट ठेवलं गेलं. इथल्या यार्डात ओलावा मोजायचं मीटर वापरतात. त्याच्या आकड्याला स्वतःचा असा अर्थ नाही, पाण्याच्या रेघेच्या वरच्या कोरड्या भागाशी तुलना करायची. मीटर नसेल तर साधी परीक्षा आहे. फूटभर चौकोनी पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने तळावर बंद करा आणि एक दिवस राहू द्या. आतून दव धरलं तर तळ अजून ओला. अशा पाच-सहा जागा तपासायच्या, मागच्या पट्ट्यात जास्त.

पागी, १२ मे

आमच्या आजोच्या टायमाक होडी लाकडाची. वर काढूची, सुकवूची, माशाचां तेल नि चुनो लावूचो. लाकूड सुकलां की नाय तां हातान कळायचां. फायबराक तां कळणां नाय, म्हणान लोक फसतत.

कर्लीकाठ, तुझी होडी पालथी घालता येईल. इंजिन, टाकी, बाकडी काढलीस की वीस माणसं सहज उलटी करतील. पावसाळ्यात पालथी ठेव, तळ आभाळाकडे. धुवायचं काम पाऊसच करील, ते पण गोड्या पाण्याने. पाणी विकत घेऊन धुवायची काय गरज?

रंगरसायन, १२ मे

पागी, हे फार चांगलं सुचवलंत. रसायनाच्या दृष्टीनेही बरोबर आहे. ज्या ओढीने पाणी आत गेलं तीच ओढ आता आतलं विरघळलेलं बाहेर काढायला वापरायची, फक्त तोंड उघडं हवं. सिंधुदुर्गाचा जून-जुलै म्हणजे सततची धार.

दोन अटी मात्र आहेत. पहिली, त्याआधी प्रत्येक फोड मोकळा झालेला हवा आणि तळावरचा जुना रंग पूर्ण निघालेला हवा. दुसरी, ऑगस्टपासून तळावर पावसाचा थेंब पडता कामा नये. वर पत्रा, दोन्ही बाजू वाऱ्याला उघड्या, होडी जमिनीपासून हातभर उंच म्हणजे पोटातूनही वारा फिरेल. पावसाळी हवेत तळ फारसा सुकणार नाही. सुकायला सुरुवात खरी सप्टेंबरअखेर होते आणि ऑक्टोबरच्या उन्हात वेग घेते. खरं तर जानेवारी-फेब्रुवारीची हवा सगळ्यात कोरडी, पण तेव्हा तुमचा धंदा भरात असतो. म्हणून निर्णय तारखेवर घेऊ नका, प्लॅस्टिकच्या परीक्षेवर घ्या.

पावसात रंग का चालत नाही याचा हिशेब देतो. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. जुलैत हवा २७ अंश, आर्द्रता ९० टक्के, तर दवबिंदू सुमारे २५. फरक दोनच अंशांचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा ओलावा पृष्ठभागावर बसलेला असणारच. ऑक्टोबरात दुपारी ३३ अंश आणि ६५ टक्के असेल तर दवबिंदू २५-२६, फरक सात अंशांचा. काम सकाळी दव उडाल्यावर सुरू करायचं आणि दुपारी तीनपर्यंत हात थांबवायचा, म्हणजे संध्याकाळच्या दमटपणाआधी थर धरतो. तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्त मिळतं, ते घ्याच.

वेंगुर्ल्याची, १३ मे

तळ खरवडण्याबद्दल एक कळकळीची विनंती. मी सागरी जीवशास्त्र शिकवते.

जुने रंग कोरडे घासू नका. त्यात तांब्याचे क्षार असतात, आणि १९९८ च्या होडीच्या सगळ्यात खालच्या थरात ट्रायब्युटिल टिन असण्याचीही शक्यता आहे. हे संयुग इतकं जालीम होतं की फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातली कालवांची शेती त्यामुळे उद्ध्वस्त व्हायची वेळ आली. कालवांचे शिंपले बेढब जाड होऊ लागले, पिल्लं धरेनात. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्याला बंदी घातली. काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटल्याचं अनेक देशांत नोंदलं गेलं. जगभरची बंदी १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आली.

कर्लीच्या खाडीत आपल्याच बायका ओहोटीला कालवं काढायला बसतात. त्यामुळे होडीखाली जाड ताडपत्री अंथरा, पाणी मारत ओलं खरवडा, सगळा चुरा गोळा करून बंद डब्यात ठेवा. किनाऱ्यावर पुरू नका, खाडीत लोटू नका, आणि जाळू तर मुळीच नका. तो घातक कचरा म्हणूनच द्यायचा असतो. तो कुठे द्यायचा हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारता येईल. खरवडणाऱ्याने साधा रुमाल बांधून भागणार नाही. धुळीचा आणि वाफांचा असे दोन्ही फिल्टर असलेला मास्क, हातमोजे, अंगभर कपडे. लहान मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

कर्लीकाठ, १४ मे

ताई, ताडपत्री आणि डबे आजच आणले. खरवडणीची कोपरं कानसने गोल केली म्हणजे जेलकोटला चरे पडणार नाहीत.

ठरलं. होडी पालथी घालतो, पाऊस धुवून काढील, रंग ऑक्टोबरात. दिवाळीची गर्दी चुकली तर शेजाऱ्याची दुसरी होडी काही दिवस भाड्याने घेईन. घरी बोलणं झालं, आई म्हणाली, एक हंगाम उशीर चालेल पण माणसं बसतात त्या होडीत.

मोल्डवाले, १४ मे

आईंना नमस्कार सांगा.

पालथी घालण्याआधी ती भद्द वाजणारी जागा आणि पांढऱ्या धाग्यांची जागा ग्राइंडरने पूर्ण उघडी करा. ४० नंबरची चकती, मागे मऊ पॅड. कडा उतरती हवी, खोलीच्या किमान बारा पट रुंद. म्हणजे ३ मिलिमीटर खोल खड्ड्याला ३६ मिलिमीटरचा उतार चारी बाजूंनी. उभ्या कडेत नवीन मॅट कितीही बसवा, जोड तिथेच सुटतो.

अख्ख्या तळाचा जेलकोट सोलायचा का? फोड सगळीकडे दाट असतील तर सोलतात, पण त्याला सोलणारं यंत्र लागतं. ग्राइंडरने सोलायला गेलं की डोंगर-दऱ्या होतात आणि मग ते लांबीने (पुट्टीने) भरताना जीव जातो. तुमच्या फोटोवरून मागचा पट्टा सोडला तर फोड सुटे-सुटे आहेत. ते एकेक उघडा, बाकीचा जेलकोट फक्त ८० नंबरच्या पेपरने खरबरीत करा.

ओल्या वाळूवर ग्राइंडर चालवताना जोडणीला ईएलसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) हवीच. आणि होडी उचलून धरलेली असताना नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, दोन्ही बाजूंना माडाचे ओंडके आणि वाळूची पोती.

पागी, २ जून

एक विचारतो रंगवाल्या काकांना. शेवाळ मारायला तांबंच लागतं ना? आमच्याकडे सुपारीच्या बागेत बोर्डो मारायला मोरचूद असतं पोतंभर. तेच ऑइलपेंटमध्ये कालवून लावलं तर? विकतच्या रंगाची किंमत ऐकून घाम फुटतो.

रंगरसायन, ३ जून

किंमत जास्त आहे हे खरं, पण मोरचूद चालणार नाही. मोरचूद पाण्यात चटकन विरघळतं. पहिल्या काही दिवसांत सगळं तांबं खाडीत उतरेल, रंगात भोकं पडतील आणि त्या भोकांतच बार्नॅकलची पिल्लं घर करतील. तळाच्या रंगात असतं ते क्युप्रस ऑक्साइड, लालसर भुकटी. समुद्राच्या पाण्यात ते अगदी थोडं-थोडं विरघळतं, म्हणून महिनोन् महिने पुरतं. त्याला धरून ठेवणारं रेझिनही तसंच बेतलेलं असतं. घासत जाणाऱ्या प्रकारात ते रेझिन पाण्याच्या प्रवाहाबरोबर पातळ थरांनी झिजतं आणि खालचं ताजं तांबं वर येतं. टणक प्रकारात रेझिन जागेवर राहतं आणि तांबं तेवढं निघून जातं, मग दर वर्षी थरावर थर चढत जातात आणि शेवटी सगळे एकदम सुटतात. रोज चालणाऱ्या पर्यटक होडीला झिजणारा प्रकार योग्य.

तिखटाची पूड, शेतीची औषधं, असं काहीही रंगात मिसळू नका. त्याने रंगाची घडणच बिघडते, आणि औषधं पाण्यात जातात ती वेगळीच.

कर्लीकाठ, १९ ऑगस्ट

धागा वर काढतोय. पावसाने काम चोख केलं. जूनच्या सुरुवातीला खड्ड्यांत बोट फिरवलं की चिकट लागायचं आणि लिटमस लगेच लाल व्हायचा. नारळी पौर्णिमेच्या सुमारास बघितलं तर खड्डे स्वच्छ, आंबट वास नाही, कागदाचा रंग बदलत नाही. आता होडी मांगरात घेतली. वर पत्रा, दोन्ही बाजू मोकळ्या, खाली ओंडके. आतल्या बाजूने तळाच्या लाकडी पट्ट्या तपासल्या, एक कुजलेली निघाली. ती काढून टाकली, त्यामुळे पोटातला वाराही खेळता झाला.

मोल्डवाले, २० ऑगस्ट

मस्त. नवीन पट्टी बसवताना लाकूड आधी सगळ्या बाजूंनी एपॉक्सीने बंद करा, स्क्रूची भोकंसुद्धा.

मॅट बसवायची जागा एपॉक्सीने करणार असाल तर कापड किंवा बायएक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांचं शिवलेलं कापड) घ्या. साध्या मॅटचा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो, एपॉक्सीत तो नीट सुटत नाही आणि मॅट भिजत नाही. शेजारी कुणी पॉलिएस्टरचं काम करत असेल तर एक गोष्ट त्यांनाही सांगा. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट (रेझिन पिकवायला घालतात ती दोन रसायनं) कधीही एकमेकांत थेट ओतायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, कॅटॅलिस्ट नंतर.

कर्लीकाठ, ११ ऑक्टोबर

प्लॅस्टिकची परीक्षा सहा जागी केली. पाच जागा कोरड्या, इंजिनजवळची एक अजून दव धरते. दिवसा दोन हॅलोजन दूर ठेवून आणि रात्री पंखा लावून तिथे वारा देतोय. तोवर खड्डे भरायला घेऊ का?

रंगरसायन, ११ ऑक्टोबर

कोरड्या भागातले घ्या. ओल्या जागेपासून दोन फूट तरी लांब राहा.

खड्ड्यात आधी नुसतं पातळ एपॉक्सी ब्रशने चोळा म्हणजे धाग्यांत मुरेल. ते चिकट असतानाच एरोसिल (सिलिकाची अतिबारीक भुकटी) घालून घट्ट केलेलं एपॉक्सी भरा. श्रीखंडाइतकं घट्ट हवं, सुरी उभी केली तर ओघळता कामा नये. एरोसिल फार हलकं असतं, श्वासात जातं, मास्क हवाच. भरणी किंचित उंच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी घासून सपाट करा. पण घासण्याआधी एक काम कराच. दमट हवेत एपॉक्सीवर मेणासारखा पातळ थर येतो. तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुवून टाका. तसाच पेपर मारला तर तो थर आत रगडला जातो आणि पुढचा रंग धरत नाही. ॲसिटोनच्या फडक्यानेही तो जात नाही, नुसता पसरतो.

चेसापीक, १२ ऑक्टोबर

पाणीरोधक थरांचा हिशेब आधीच करून ठेवा. तुमचा तळ आणि बाजूंचा पाण्याखालचा भाग मिळून साधारण १५ चौरस मीटर धरू. सुकल्यावर एकूण जाडी २५० मायक्रॉन लागते, म्हणजे ५० मायक्रॉनचे पाच हात. अर्धा घनभाग असलेल्या एपॉक्सीत ओला थर १०० मायक्रॉनचा. नासधूस धरून लिटरला ८ चौरस मीटर निघतात, म्हणजे एकूण साडेनऊ-दहा लिटर. थर मोजायची छोटी दातेरी पट्टी मिळते, ओल्या रंगावर टेकवून बघायची. दोन रंग आलटून-पालटून वापरले, एक हात करडा आणि एक हिरवा, तर कुठे सुटलं ते लगेच दिसतं.

कर्लीकाठ, २४ ऑक्टोबर

ती शेवटची जागाही कोरडी झाली. पाच हात पूर्ण झाले. उद्या शेवटचा हात सुकायच्या बेतात असताना तळाचा रंग सुरू करायचा, बरोबर ना? नेमकं कधी ते कसं ओळखायचं?

रंगरसायन, २४ ऑक्टोबर

थांबा, शेवटचा हात आजच मारला असेल तर उद्या उशीर होईल. आपल्या उष्णतेत ही वेळ काही तासांचीच असते. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात तापमानानुसार तक्ता असतो, ३५ अंशांची ओळ बघा. हाताने ओळखायचं तर अंगठा दाबा. चिकट लागतं, ठसा उमटतो, पण रंग अंगठ्याला येत नाही, ती वेळ. त्या वेळी लावलेला तळाचा रंग एपॉक्सीला रासायनिकरीत्या धरतो.

वेळ निघून गेली असेल तर एपॉक्सी पूर्ण पिकू द्या, पाण्याने धुवा, ८० नंबरने खरबरीत करा आणि एपॉक्सीचा आणखी एक हात देऊन त्यावर वेळेत रंग लावा. थोडं जास्त काम आहे, पण करा.

कर्लीकाठ, २६ ऑक्टोबर

सहावा हात दिला आणि अंगठ्याच्या परीक्षेवर रंग लावला. पहिला हात लाल, वरचे दोन निळे. उद्या निळ्यातून लाल दिसायला लागला की कळेल रंग संपत आला. नाळेला, पाण्याच्या रेघेला आणि तळाच्या कडांना एक जास्तीचा हात दिला, तिथे प्रवाह जास्त घासतो.

मोल्डवाले, २६ ऑक्टोबर

इंजिनच्या पायाला हा रंग लागू देऊ नका. पाय ॲल्युमिनियमचा, रंगात तांबं, दोघांत खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ट्रान्समवर (इंजिन बसतं त्या मागच्या फळीवर) ब्रॅकेटच्या भोवती इंचभर पट्टी तांब्याच्या रंगाशिवाय ठेवा. पायाला रंग हवाच असेल तर ॲल्युमिनियमला चालणारा, क्युप्रस ऑक्साइड नसलेला वेगळा घ्या. इंजिनऐवजी स्वतः झिजणाऱ्या झिंकच्या वड्यांवर कोणताही रंग नको, त्या उघड्याच राहिल्या तर काम करतात. निम्म्या झिजल्या की बदला.

वरच्या अंगाचा जेलकोट फिका पडला असेल तर रंगवू नका. रबिंग कंपाउंड, मग मेण, पुरे.

नवी_होडी, ३ नोव्हेंबर

अख्खा धागा वाचला, फार उपयोगी. आमची हर्णैकडची १८ फुटी फायबर होडी मासेमारीची, रोज पहाटे लोटतो आणि दुपारी वाळूवर ओढून ठेवतो. आम्हीही हाच तांब्याचा रंग लावावा का?

मोल्डवाले, ३ नोव्हेंबर

नको, पैसे वाया जातील आणि तांबं वाळूत जाईल. रोज बाहेर येणाऱ्या होडीला बार्नॅकल धरायला वेळच मिळत नाही. झिजणारा रंग तर ओढताना दोन दिवसांत निघेल. तुम्हाला दोन गोष्टी लागतील: तळाला एपॉक्सीचे पाणीरोधक थर, आणि ओढताना घासतं त्या पठाणाच्या (तळाच्या मधल्या कण्याच्या) रेघेवर फायबरचे दोन-तीन जादा थर, वर बदलता येणारी रबराची किंवा नायलॉनची पट्टी. पट्टीचे स्क्रू तळातून आरपार जाऊ देऊ नका. आणि कर्लीकाठ दादांच्या मागच्या मालकाचं लक्षात ठेवा: पावसाळ्यात बूच काढलेलं, मागची बाजू खाली उतरती, पोटात पाणी नाही.

कर्लीकाठ, ५ नोव्हेंबर

नवी_होडी, तुम्ही फोड असल्यास आत्ताच खडूने खुणा करून फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षी वाढलेत की तेवढेच आहेत ते कळेल. आमची होडी काल दुपारच्या भरतीला खाडीत गेली. पोटात कोरडी आहे. दर पंधरा दिवसांनी मऊ फडक्याने तळ पुसायचा विचार आहे. काका, झिजणाऱ्या रंगाला ते चालेल ना?

रंगरसायन, ५ नोव्हेंबर

चालेल, पण जोर न लावता, आणि फक्त हिरवा लेप दिसला तरच. ब्रश, काथ्या, घासणी नको. होडी आठवड्यातून चार दिवस चालत असेल तर सहसा पुसायची गरजच पडणार नाही.